बोळातली अकरा मिनिटं

मी केस विंचरत असताना ती म्हणाली, "अकरा मिनिटं," आणि माझ्या हातातली फणी तिच्या मानेपाशीच थांबली. सोमवारची सकाळ होती. तिच्या उजव्या खांद्याजवळचं हाड मोडलं होतं, हात गळ्यात अडकवलेला होता, आणि लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच मी तिचे केस विंचरत होतो. काम तसं जमत होतं. माझे हात बारीक कामाला सरावलेले आहेत. मी कवळ्या बनवतो. गुंता खालून वर सोडवत न्यायचा असतो हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. ती खिडकीकडे तोंड करून स्टुलावर बसली होती आणि शनिवारी त्या बोळात काय झालं ते तुकड्यातुकड्यानं सांगत होती, लांबच्या नात्यातल्या लग्नाची हकिकत सांगावी तसं. बसमधल्या मावशी पडल्या. त्यांना उचलायला ती वाकली. मग तिला सरळच होता येईना. मग कप्तानानं भिंतीला दोन्ही हात टेकले आणि तिला मधे घेतलं, मागचा सगळा रेटा स्वतःच्या पाठीवर घेतला. अकरा मिनिटं. अकराच कशावरून, असं मी विचारलं. नंतर कुणीतरी घड्याळं जुळवून काढलं, ती म्हणाली. यानंतर नवऱ्यानं काय विचारायचं असतं हे मला कळत होतं. दुखतंय का, गोळी घेतलीस का. पण माझ्या डोक्यात एकच प्रश्न उभा होता, मधे म्हणजे किती मधे. तो विचारला नाही. फणी पुन्हा चालू केली. गुंता केव्हाच सुटला होता तरी मी विंचरत राहिलो, शेवटी तीच म्हणाली, पुरे आता.

कप्तान म्हणजे कुठल्या संघाचा कप्तान नव्हे. तो लिफ्टा दुरुस्त करतो. आमच्या शहराचा फुटबॉल संघ दुसऱ्या गावी खेळायला गेला की मागोमाग जी बस जाते ती तो ठरवतो, तिकिटं तो मागवतो, परतताना कोण राहिलं ते तो बघतो, म्हणून कप्तान. डोक्यावर उन्हापावसात एक निळी टोपी. माझी बायको त्या बसमध्ये लग्नाच्या आधीपासून जाते. तिला वडिलांनी नेलं पहिल्यांदा, सात वर्षांची असताना, खांद्यावर बसवून. सासरे वारले तेव्हा मला वाटलं, आता हे सुटेल. सुटलं नाही; उलट ती त्यांच्या खिडकीशेजारच्या जागेवर बसायला लागली. आठवडाभर ती वाचनालयाच्या टेबलामागे असते. तिथं ती इतकी हळू बोलते की समोरचा आपोआप वाकतो. आणि शनिवारी ती बसमध्ये चढते आणि दुसरीच कुणीतरी होते, म्हणजे होत असणार. ते मी पाहिलेलं नाही. मी दोनदा गेलो होतो घरच्या मैदानावर. पहिल्यांदा कंटाळलो. दुसऱ्यांदा गोल झाला तेव्हा ती माझ्या डाव्या बाजूला होती आणि मला ओलांडून माझ्या उजवीकडच्या अनोळखी म्हाताऱ्याला मिठी मारून उड्या मारत होती, आणि मी हातात तिची पर्स धरून उभा. त्यानंतर गेलो नाही. बाईला सवत असते. पुरुषाच्या वाट्याला आलं तर त्याला आपल्या भाषेत शब्दही नाही. मला तर एकदम अकरा होत्या, बदली खेळाडू वेगळे. माझ्या बहिणीला मी हे एकदा गमतीनं सांगितलं तर ती म्हणाली, अरे दादा, बायका नवऱ्याच्या मित्रांवर जळतात, तू उलटा जन्माला आलास. मी हसलो. बसमध्ये तिला 'लायब्ररी' म्हणतात हे मला त्याच सुमारास कळलं. ए लायब्ररी, खिडकी लाव. लायब्ररी, तुझा डबा कुठाय. घरी मी तिला 'अगं' म्हणतो. चौदा वर्षांत मला तिच्यासाठी एक नाव सुचलं नाही आणि चाळीस परक्या माणसांना ती वाचनालयात लागल्यावर पहिल्याच फेरीत सुचलं.

त्या दिवशी काय झालं ते मी पुढे अनेकांकडून ऐकलं, वर्तमानपत्रात वाचलं आणि डोक्यात इतक्या वेळा चालवून पाहिलं की आता मीच तिथं होतो असं वाटतं. पाहुण्या संघाच्या लोकांना त्या मैदानात मागच्या अंगानं घेतात. कंपाउंडची भिंत आणि पार्किंगचा पत्रा यांच्यामधला बोळ, तीन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढा. टोकाला एकेकट्याला आत सोडणारी दोन लोखंडी फिरती दारं. त्यातलं एक बंद होतं, कारण ते चालवणारा माणूस आला नव्हता. चार बसा अलीकडच्या चौकात चाळीस मिनिटं अडवून ठेवल्या आणि मग एकदम सोडल्या. पिवळ्या जॅकेटातली बंदोबस्ताची माणसं उभी होती, पण बहुतेकांना ती जॅकेटं त्याच दिवशी सकाळी मिळाली होती. एकाला मावशींनी विचारलं, बाबा, पिण्याचं पाणी कुठं मिळेल, तर तो म्हणाला, मी आजच आलोय. आत सामना सुरू झाला. आतून आरोळी उठली तसे मागचे लोक पुढे सरकले. बोळाच्या तोंडाशी असलेला पिवळा जॅकेटवाला म्हणत होता, पुढे चला, रस्ता मोकळा करा. दाराशी असलेला ओरडत होता, मागे व्हा, मागे व्हा. दोन्ही हुकूम एकाच रंगातून येत होते. पत्र्यात बाजूला एक मोठं दार होतं, असल्याच वेळी उघडायचं. त्याला कुलूप होतं. किल्ली मुख्य देखरेख करणाऱ्या साहेबाकडे होती, आणि साहेब मैदानाच्या पलीकडच्या बाजूला, बड्या पाहुण्यांच्या दाराशी. शेवटी आमच्या बसचा ड्रायव्हर टायरचा पाना घेऊन पत्र्यावरून चढून पलीकडे गेला आणि त्यानं बाहेरून ते कुलूप फोडलं. तोवर अकरा मिनिटं झाली होती. मावशी अडुसष्ट वर्षांच्या होत्या, तीस वर्षं बसमध्ये पहिल्या बाकावर बसणाऱ्या. त्या तिसऱ्या दिवशी गेल्या. ही बातमी मला कळली तेव्हा बायको गोळीच्या गुंगीत होती. मी पलंगाच्या कडेवर बसून ती जागी व्हायची वाट बघत होतो आणि मला खरोखर वाईट वाटत होतं, हे मी शपथेवर सांगतो. पण त्या वाईट वाटण्याच्या खालच्या थरात दुसरं काहीतरी चालू होतंच. दोन हात भिंतीला. मधे ती. त्याची छाती तिच्या पाठीला की समोर? तोंड कुणीकडे होतं?

शुक्रवारी दुपारी दाराची बेल वाजली. ती झोपली होती. दारात कप्तान, टोपी हातात. मी त्याला याआधी बसच्या खिडकीतच पाहिलेला. जवळून तो लहान दिसला, कपाळावर ओरखडे, मान वळवायची तर सगळं अंग वळवत होता. "भाऊजी, आत येऊ का?" म्हणाला. भाऊजी. एका शब्दात त्यानं स्वतःला माझ्या बायकोचा भाऊ करून घेतलं. पुरुषानं मानलेलं नातं सांगितलं की माझ्या मनात आधी पाल चुकचुकते. मी त्याला बसा म्हटलं पण स्वतः बसलो नाही, त्यामुळे तोही उभाच राहिला. त्यानं सांगितलं ते असं: स्पर्धेच्या मंडळानं चौकशी समिती नेमली आहे. मैदानवाल्यांनी लिहून दिलंय की पाहुणे उशिरा आले, प्यायलेले होते, आणि निळ्या टोपीतला एक माणूस 'ढकला, ढकला' म्हणून ओरडत होता. पुढच्या बुधवारी जबाब आहेत. बाकीच्यांचं कुणी ऐकत नाही, कारण ते मागे होते. त्या वेळी तो काय ओरडत होता हे ऐकू येईल इतक्या जवळ दोनच माणसं होती. मावशी गेल्या. उरली लायब्ररी. तिचा फोन त्या गर्दीत फुटल्यामुळे तो स्वतः आला होता. हे सगळं तो खाली बघून बोलत होता, आणि मी त्याच्या हातांकडे बघत होतो. रुंद, आखूड बोटांचे हात, नखांच्या कडांना ग्रीसची काळी रेघ, डाव्या तळव्याला पट्टी. भिंतीवर घासला असणार. माझं काम मापाचं आहे. माझ्या मनानं त्या दोन हातांमधलं अंतर मोजलं आणि त्यात माझी बायको बसवून पाहिली. मग माझ्याच तोंडून शब्द आले, अगदी शांतपणे, जणू कधीचे तयार होते. "तिला यात पडायचं नाहीये. मला त्रास नको, म्हणाली." त्यानं मान वर केली. "असं म्हणाली?" "हो," मी म्हटलं, "डॉक्टरांनीही नकोच म्हटलंय." डॉक्टर काहीच म्हणाले नव्हते. त्यानं कागदाच्या चिठोऱ्यावर आपला नंबर लिहून टेबलावर ठेवला, तिला बरं वाटू दे म्हणाला आणि टोपी घालून गेला. जिना उतरताना त्याचे पाय एकेक पायरी चाचपत होते. आतून तिनं हाक मारली, कोण होतं रे? मी म्हटलं, चुकून आला होता कुणीतरी. चिठोरा मी कामाच्या ऍप्रनच्या खिशात टाकला.

खोटं बोललेल्या माणसाला झोप लागत नाही म्हणतात. मला उत्तम लागत होती. त्रास व्हायचा तो कामावर. कुणाच्यातरी जबड्याचा पांढरा साचा समोर असायचा, त्यावर मेणाची कड चढवायची, मेणात एकेक दात बसवायचा, वरच्या-खालच्याची गाठ जुळवायची. या कामात मन स्वस्थ लागतं. एखादा दात केसभर तिरपा बसला तर ते माणूस आयुष्यभर एका बाजूनं चावणार. त्या आठवड्यात माझ्या दोन कवळ्या परत आल्या. दंतवैद्यबाईंनी चिठ्ठीत लिहिलं होतं, चावा जुळत नाही, तब्येत बरी आहे ना? घरी मी तिची सेवा करत होतो. अंघोळीचं पाणी काढायचो, बटणं लावायचो, जेवताना चमचा डाव्या हाताला ठेवायचो. आणि मधेच, सहज विचारल्यासारखा विचारायचो, मग तेव्हा कप्तान काही बोलत होता का? ती म्हणायची, असेल, आता नीट आठवत नाही. हे 'नीट आठवत नाही' मला पुरायचं नाही. जे नीट आठवत नाही ते तिनं कुठंतरी ठेवलेलं आहे, असं वाटायचं. मावशींचा विषय निघाला की ती गप्प व्हायची, आणि त्या गप्प होण्याचाही मला हेवा वाटायचा, कारण त्यात मला जागा नव्हती. तिथं जे होते त्यांचंच ते गप्प होणं. मी शनिवारी कवळ्या घासत होतो. एकदा तर मनात आलं की आपण का नव्हतो तिथं, आपल्याही पाठीवर तो रेटा का नाही आला. आणि हा विचार उदात्त वाटून मी स्वतःवर खूश झालो. मग लक्षात आलं की मला तिला वाचवायचं नव्हतं, मला फक्त कप्तानाची जागा हवी होती.

तीन आठवड्यांनी ती कामावर जायला लागली, हात गळ्यातच होता तरी. वाचनालयात रोज सगळी वर्तमानपत्रं येतात आणि ती दांडीला लावणं तिचं काम. त्यातच तिनं समितीचा निष्कर्ष वाचला. पाहुण्या प्रेक्षकांची बेशिस्त हे प्रमुख कारण. बस ठरवणाऱ्या व्यक्तीस सर्व मैदानांवर तीन वर्षं बंदी. जखमी महिलेनं जबाब देण्यास नकार दिला. ती संध्याकाळी सहाला घरी आली आणि चपला न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मी कांदा चिरत होतो.

"कप्तान घरी आला होता?"

"आला होता."

"मी झोपले होते?"

"हो."

"मग मी त्याला काय म्हणाले?"

ती चिडून विचारत नव्हती. एखाद्यानं हरवलेल्या पुस्तकाची चौकशी करावी तसं, नेमकं. तिच्या तोंडात मी कुठले शब्द घातले तेवढंच तिला हवं होतं. मी सांगितलं. मला त्रास नको, असं. ते ऐकताना तिनं डोळे बारीक केले, जणू ती ते वाक्य स्वतःच्या आवाजात बोलून पाहत होती. मी म्हटलं, तुझी अवस्था बघवत नव्हती, मला वाटलं तुला पुन्हा ते सगळं आठवावं लागेल. "खोटं बोलायचंच तर एकदाच बोल," ती म्हणाली, "त्याच्यावर दुसरं रचू नकोस." मग ती टेबलाशी बसली, कागद घेतला आणि डाव्या हातानं समितीला पत्र लिहायला लागली. अक्षरं पहिलीतल्या पोरासारखी होत होती. मी म्हटलं, तू सांग, मी लिहितो. ती म्हणाली, "तू नको." दोनच शब्द. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला, असं माणसं म्हणतात तेव्हा त्यांना ते दोन्ही एकाच तोंडात असल्याची खात्री असते. त्या संध्याकाळी मला ती खात्री उरली नव्हती. पुढचा महिनाभर ती माझ्याशी बोलली, पण पाणी तापलंय, चावी कुठाय, दूध आलं नाही, एवढंच. केस तिचे ती एका हातानं बांधायला शिकली.

फेरसुनावणी एका सरकारी इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर होती. मी येतो म्हटलं. ती नाही म्हणाली नाही. लांब टेबलामागे तीन जण, बाजूला मैदानवाल्यांचे वकील, मागे खुर्च्यांवर बसमधली माणसं. माझ्याकडे कुणी बघितलं नाही, म्हणजे सगळ्यांना सगळं माहीत होतं. कप्तान भिंतीशी उभा होता, टोपीशिवाय. ती बोलायला लागली तशी अध्यक्षबाईंनी दोनदा सांगितलं, जरा मोठ्यानं. तिनं बंद फिरतं दार सांगितलं, मागचा-पुढचा हुकूम सांगितला, कुलूप सांगितलं. पिवळ्या जॅकेटातल्या एका पोरगेल्या माणसाला तिनं रडताना पाहिलं होतं, तेही सांगितलं; तो किल्ली किल्ली करत होता, म्हणाली, त्याला कुणी काही शिकवलंच नव्हतं, त्याला दोष देऊ नका. आणि कप्तान 'ढकला' म्हणाला नाही. 'मागे थांबा, बाई पडलीय,' हेच तो ओरडत होता, आवाज बसेपर्यंत. वकील उठले. ते सभ्य होते, हसतमुख होते. म्हणाले, आवाज बसेपर्यंत ओरडला, मग आवाज बसल्यावर? अकरा मिनिटं तुम्ही त्यांच्या इतक्या निकट होतात. तेव्हा ते काय बोलत होते? तोच प्रश्न. तीन आठवडे मी जो आडून आडून विचारत होतो तो या माणसानं भर सभेत, काळ्या कोटात, सरळ विचारला, आणि मला त्याची लाज वाटली तितकीच उत्तराची घाई झाली.

"माझे डोळे मिटायला लागले होते," ती म्हणाली. "श्वास पुरा येत नव्हता. तो म्हणाला, मिटू नकोस, बोलत राहा. मला सुचेना. मग म्हणाला, तुझा नवरा काय करतो ते सांग."

"मग?"

"मग मी सांगितलं. कवळी कशी करतात ते."

मागे कुणीतरी हसलं. वकिलांनी अध्यक्षबाईंकडे पाहिलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, सांगा, काय सांगितलंत. आणि माझी बायको, जिला मी कधी माझ्या कामाचं विचारताना पाहिलं नव्हतं, ती तिथं उभी राहून सांगायला लागली. दंतवैद्याकडून जबड्याचं माप येतं. त्यात प्लास्टर ओतायचं, हळू, एका कडेनं, नाहीतर बुडबुडे राहतात. त्या साच्यावर मेण. मेणात दात बसवायचे, आधी पुढचे, कारण माणूस आधी हसतो आणि मग चावतो. माणूस म्हातारा असेल तर दात अगदी एका रेषेत लावायचे नाहीत, थोडे पुढेमागे, म्हणजे खरे वाटतात. हे मी तिला कधी सांगितलं होतं? जेवताना असेल, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात, ती पुस्तक वाचत असताना. मला वाटलं होतं ती ऐकत नाहीये. एका ठिकाणी ती चुकली, साचा आवळतात ते आधी सांगितलं आणि वरून दुसरा साचा घालतात ते नंतर, आणि माझ्या मनात आलं की उठून दुरुस्त करावं. "मग उकळत्या पाण्यात मेण वितळवून टाकतात," ती म्हणाली. "तिथपर्यंत आले होते. तेवढ्यात दार उघडलं."

समितीनं पुढं काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. मला आनंद व्हायला हवा होता. कुणीही म्हणेल, मरणाच्या दारात बाईच्या तोंडात नवऱ्याचं काम आलं, आणखी काय पाहिजे. पण माझ्या अंगाची लाही झाली होती. चौदा वर्षं तिनं माझं एकेक वाक्य सांभाळून ठेवलं आणि ते सगळं, मेणासकट, एका बोळात त्या माणसाच्या कानात ओतलं. मला एकदाही नाही. मला कळलं असतं ना, मला आवडलं असतं. मग दुसरा विचार आला, आणि तो पहिल्यापेक्षा हळू आला: मी तरी तिला कधी विचारलं होतं का, तू शनिवारी तिथं काय बघतेस, पहिल्यांदा खांद्यावरून काय दिसलं होतं तुला? कप्तानानं विचारलं. अंगावर शंभर माणसांचा रेटा असताना त्याला एक प्रश्न सुचला, आणि तोही माझ्याबद्दलचा.

चार दिवसांनी मी त्याला शोधत गेलो. ऍप्रनच्या खिशातल्या चिठोऱ्यावरचा नंबर धुण्यात पुसट झाला होता, पण वाचता येत होता. एका सात मजली इमारतीच्या माथ्यावर, लिफ्टच्या यंत्राच्या खोलीत तो उकिडवा बसून तारेच्या दोराला तेल लावत होता. मी पायऱ्या चढून गेलो होतो, धाप लागली होती. भाऊजी, बसा, म्हणाला. बसायला डब्याशिवाय काही नव्हतं. मी उभ्या उभ्याच सांगितलं. "ती तसं म्हणाली नव्हती. मी म्हणालो होतो."

"मला माहीत होतं," तो म्हणाला. हात थांबला नाही. "'मला त्रास नको' हे वाक्य तिच्या तोंडात बसत नाही."

"मग पुन्हा का नाही आलात?"

"दार तुमचं होतं." मग फडक्याला हात पुसत म्हणाला की त्याला तीन वर्षांच्या बंदीचं फारसं काही वाटलं नव्हतं. वाटलं ते मावशींचं. "आम्ही लिफ्टमध्ये पाटी लावतो. आठ माणसं. नववा चढला की यंत्र ओरडतं, दार लागत नाही. तो बोळ बघितला तेव्हाच मला कळायला हवं होतं. माझा धंदाच तो. मी म्हटलं, पिवळी जॅकेटं आहेत, बघतील ती." इतका वेळ तो खालीच बघत होता. माफी मागायला आलो होतो ती मागितली. त्यानं हातानंच राहू दे म्हटलं. मी निघालो, दारापर्यंत गेलो, तेव्हा त्यानं विचारलं, "मेण वितळल्यावर पुढं काय करतात? ते राहिलंच." मी वळलो. आणि सांगितलं. मेणाची जागा रिकामी होते, त्या पोकळीत हिरडीचा गुलाबी मसाला भरतात, दाबून, साच्याची दोन्ही अंगं घट्ट आवळतात, मग उष्णतेत शिजू देतात, घाई करायची नाही. गार झाल्यावर साचा फोडायचा. तो प्रत्येक पायरीला मान हलवत होता. शेवटी घासून चकाकी आणायची, मी म्हटलं, जिभेला लागू नये म्हणून. "साचा फोडावाच लागतो?" त्यानं विचारलं. फोडावाच लागतो, मी म्हणालो.

निकालात बंदी उठली. पाहुण्यांच्या बाजूचं दार सामनाभर बिनकुलपाचं ठेवावं, त्याच्याशी शिकवलेला माणूस असावा, बसा चौकात अडवू नयेत, असं बरंच लिहिलं होतं. साहेबाची बदली झाली. मावशींच्या मुलाला सांत्वनाचं पत्र आलं, त्यात मावशींचं वय चुकलं होतं. तिनं हे पत्राचं मला जेवताना सांगितलं, आपणहून. पाणी आणि चावी सोडून तिनं मला सांगितलेली ती पहिली गोष्ट. मी तिला विचारलं, मावशी पहिल्या बाकावर का बसायच्या? गाडी लागायची त्यांना, ती म्हणाली, आणि मग मावशींबद्दल बराच वेळ बोलत राहिली. मी ऐकत होतो. मधे मधे कप्तानाचं नाव यायचं तेव्हा माझ्या आत काहीतरी दात विचकायचं. ते मेलं नव्हतं. मी त्याला बसू दिलं आणि पुढचं ऐकलं.

वर्षभरानं त्याच मैदानावर पुन्हा सामना आला. आदल्या आठवड्यापासून मी वाट बघत होतो की ती म्हणेल, नाही जात यंदा. ती बसच्या यादीत नावं लिहीत होती; मागच्या रांगेवर लक्ष ठेवायचं काम आता तिच्याकडे होतं. मी म्हटलं, मी येऊ का? तिनं यादीवरून मान वर केली आणि खरोखर विचार केला, मला ते दिसलं. "नको," म्हणाली. "तू आलास तर मी सारखी तुलाच बघत राहीन. मला तिथं सगळ्यांना बघायचं असतं." याचा आनंद मानायचा की दुःख हे मला अजून ठरवता आलेलं नाही. शनिवारी ती सकाळीच गेली. दुपारी मी घरी होतो. चारला सामना. मी टीव्ही लावला नाही, कारण टीव्हीवर मैदानाचा तो भाग दाखवत नाहीत. पावणेचारला चहा केला आणि तसाच ठेवला. चार वाजले. चार वाजून पाच मिनिटं. पिवळी जॅकेटं दिसायला लागली, बोळ दिसायला लागला, आणि कधी नव्हे तो त्यात मला ती एकटी दिसेना. बसमधली ती सगळीच दिसायला लागली, ज्यांची तोंडं मला धड माहीत नव्हती ती माणसं, एकमेकांना चिकटून.

चार वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"आत आलो," ती म्हणाली. मागे एवढा कल्लोळ होता की तिला ओरडावं लागत होतं.

"सगळे?" मी विचारलं.

तिनं मला तो पुन्हा विचारायला लावला. हा प्रश्न माझ्याकडून येईल असं तिला वाटलं नसावं. मग फोन दूर नेऊन तिनं कुणालातरी हाक मारली, एका पुरुषानं घोगऱ्या आवाजात काही उत्तर दिलं, ती त्यावर हसली, आणि माझ्या आतलं ते उठून बसलं, कान टवकारून. मी फोन कानाशी घट्ट धरला.

"दोघं राहिलेत," ती म्हणाली. "बोळात आहेत अजून. येतायत. ठेवू नकोस."

मी ठेवला नाही.